सासरकडचं ओहायोतलं शेतकरी घराणं : 1850च्या मागे कसं जायचं?

ओहायोची_सून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा नवरा अमेरिकन आहे, आणि अगदी जुना अमेरिकन, म्हणजे त्याच्या घरचे लोक ओहायोतल्या फेअरफिल्ड काउंटीत पिढ्यान् पिढ्या शेती करायचे. गहू, मका, डुकरं, दुभती गुरं. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत सगळे शेतकरीच, मग शेत विकलं आणि मंडळी शहरात आली. आता झालंय असं की माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापील आहे, त्यात पणजोबांच्या पणजोबांपर्यंत नावं आहेत (त्यांच्या बायकांची नाहीत, तो वेगळा विषय) आणि ते पुस्तक पाहिल्यापासून मुलगा मागे लागलाय की बाबांच्या बाजूचं पुस्तक कुठंय. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी माळ्यावरची एक ट्रंक दाखवली आणि म्हणाल्या, घे, तूच बघ बाई.

तर हाताशी काय आहे ते सांगते. 1850च्या सेन्ससमध्ये नवऱ्याच्या खापरपणजोबांचे वडील सापडले, वय 61, शेतकरी, जन्म पेनसिल्व्हेनिया, बायको आणि पाच मुलं नावानिशी. त्याच्या मागे गेलं की सगळं धुकं. 1840ला नुसतं कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे रकान्यांत आकडे. 1830ला त्याच टाउनशिपमध्ये एकाच नावाचे दोघं, एकापुढे सीनियर आणि एकापुढे ज्युनियर लिहिलंय, तर ते बापलेक असणार ना? आडनाव इथे देत नाही पण त्याची चार वेगवेगळी स्पेलिंगं मिळालीयेत. चर्चच्या आवारात एक झिजलेला दगड आहे, त्यावर जर्मन मजकूर.

घरात सांगतात की तीन भाऊ जहाजाने आले, एक पेनसिल्व्हेनियात राहिला, एक दक्षिणेला गेला, एकाचा पत्ताच नाही. आणि एलिस आयलंडवर साहेबाने आडनाव बदललं. शिवाय एका साईटवर कुणीतरी आमच्या घराण्याचा वृक्ष चढवलाय तो दोन क्लिकमध्ये मेफ्लॉवर जहाजावर जातो आणि आणखी चार क्लिकमध्ये कुठल्यातरी जर्मन राजाकडे! सासूबाई खूश आहेत, मला मात्र शंका येतेय.

1850च्या मागे जायला काय करायचं? आणि त्या 61 वर्षांच्या बाबाच्या बायकोचं माहेरचं आडनाव कसं शोधायचं, सगळीकडे नुसतं कॅथरीन एवढंच आहे.

जुनी_कागदपत्रं

छान धागा. मी हॅरिसबर्गजवळ राहतो, रिटायर झाल्यापासून हेच उद्योग करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कचरा बाजूला करू. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कचं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं, 1892ला सुरू झालं. तुमचा माणूस 1789च्या आसपास पेनसिल्व्हेनियात जन्मलाय, म्हणजे त्याच्या घराण्याचा आणि एलिस आयलंडचा काडीचा संबंध नाही. आणि 1892 नंतर आलेल्यांचीही आडनावं तिथे कुणी बदलत नव्हतं, जहाज कंपनीने तिकडच्या बंदरात बनवलेली यादी समोर ठेवून तपासणी व्हायची. मेफ्लॉवर 1620ला मॅसॅच्युसेट्सला आलं, त्यावर इंग्लंडहून निघालेली माणसं. जर्मन दगडवाल्या शेतकऱ्याची बापाकडची थेट शाखा तिथे पोचणं कठीणच. पुढे कुण्या सुनेच्या बाजूने धागा जुळू शकतो, पण तो सिद्ध करावा लागतो, क्लिक करून होत नाही. तीन भावांची गोष्ट तर अमेरिकेतल्या अर्ध्या घराण्यांत आहे. एकाच आडनावाची माणसं तीन ठिकाणी दिसली की मागाहून कुणीतरी त्यांना भाऊ करून टाकतं.

सीनियर-ज्युनियरचं म्हणाल तर बापलेक असतीलच असं नाही हो. त्या काळात एका गावात एका नावाची दोन माणसं असली की थोरल्याला सीनियर आणि धाकट्याला ज्युनियर म्हणायचे. काका-पुतण्या असतील, चुलत भाऊ असतील, नात्याचा संबंधही नसेल. थोरला मेला की धाकटा एका रात्रीत सीनियर होतो, मग आपण दोन माणसांचं एक करून बसतो. नात्याचे शब्दही सैल आहेत, कझिन लिहिलंय म्हणजे पुतण्या किंवा भाचा असू शकतो, सन-इन-लॉ म्हणजे सावत्र मुलगा असू शकतो.

आता 1850ची भिंत. अमेरिकेचा सेन्सस 1790पासून दर दहा वर्षांनी आहे, पण 1840पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे वयोगटाप्रमाणे नुसते आकडे. 1850ला पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं. (गुलामांचं नाही, त्यांची वेगळी यादी, त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग.) कुणाचं कुणाशी नातं काय हे तर 1880पासून लिहायला लागले, म्हणजे 1850च्या घरातली पाच पोरं त्याच बायकोची आहेत हेसुद्धा गृहीत धरू नका. वर ओहायोची 1800 आणि 1810ची शिरगणती जवळपास सगळी गेलीये, 1820पासून मिळते. त्यामुळे सेन्ससच्या मागे लागून उपयोग नाही. शेतकऱ्याला सोडा, शेताला धरा. माणूस नाव बदलतो, स्पेलिंग बदलतो, पण जमीन कुणाकडून आली आणि कुणाकडे गेली हे कुणालातरी लिहून ठेवावंच लागतं.

फेअरफिल्डच्या कोर्टहाउसमधली खरेदीखतांची पुस्तकं पाहा, बहुतेक सगळं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साईटवर फुकट आहे. लिहून देणार आणि लिहून घेणार अशा दोन वेगळ्या सूची असतात, दोन्ही बघायच्या. बाप मेल्यावर वाटणीची जमीन एका भावाला देताना बाकीची सगळी भावंडं सह्या करतात, बहिणींबरोबर त्यांचे नवरेही, त्या एका कागदावर अख्खं कुटुंब उभं राहतं. आणि बायकोचा विधवा-हक्क एक तृतीयांश असल्यामुळे नवरा जमीन विकताना न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचा की बाई, तुझी राजीखुशीने संमती आहे ना, आणि ते तिच्या नावासकट खताखाली लिहायचा. कॅथरीन तिथे भेटेल. माहेरचं आडनाव मात्र तिच्या बापाच्या कागदांत शोधायचं. बाप मृत्युपत्र न करता गेला असेल तर उत्तम, कारण मग कोर्टात वाटणीचा अर्ज जातो आणि त्यात प्रत्येक मुलगी 'अमक्याची बायको' म्हणून येते. पेनसिल्व्हेनियात हे ऑर्फन्स कोर्टात चालायचं. नावाने घाबरू नका, आई जिवंत असली तरी बाप गेलेलं पोर तिथे ऑर्फनच.

एक महत्त्वाचं राहिलं, काउंट्यांच्या सीमा. आपल्याकडे पालघर 2014ला ठाण्यातून फुटला, त्याआधीचे जिल्ह्याचे कागद बघायचे तर ठाणं गाठावं लागतं, तसंच इथे. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी 1729ला चेस्टरमधून निघाली, यॉर्क 1749ला लँकेस्टरमधून, बर्क्स 1752ला. माणूस एकाच शेतात बसून तीन काउंट्यांत राहून जातो. न्यूबेरी लायब्ररीचा जुन्या काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह ऑनलाईन आहे, तो उघडा ठेवूनच काम करा.

खोडकर_नातू

वाचनखूण साठवली. आमच्याकडे हेळवी बैल घेऊन दारात यायचा आणि सात पिढ्या म्हणून दाखवायचा, एक पायली जोंधळ्यात काम व्हायचं. अमेरिकेत हेळवी नाहीत का 😀

शनवारातला

@खोडकर_नातू, हेळवी नसल्यावर काय होतं त्याचं उत्तम उदाहरण अब्राहम लिंकन. चेष्टा करत नाहीये. साध्या शेतकरी घराण्याचा माग काढायचा म्हणजे काय काय होतं हे बघायला याच्याइतकी चांगली केस नाही आणि सगळे कागद जाहीर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिंकनचा बाप थॉमस शेतकरी आणि सुतार. 1848 साली लिंकन काँग्रेसमध्ये असताना मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थाने त्याला पत्र टाकून विचारलं की बाबा, तुमचं घराणं कुठलं. लिंकनचं उत्तर वाचण्यासारखं आहे. म्हणतो, आजोबांचं नावही अब्राहम, ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि तिथे इंडियन लोकांच्या हातून मारले गेले, त्याच्या मागचं अंधुक ऐकिवात आहे की ते पेनसिल्व्हेनियातून आले आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) होते. पुढे सांगतो, माझा बाप सहाव्या वर्षी पोरका झाला, गरिबीत, नव्या मुलखात, शिकला नाही, म्हणून मला घराण्याची एवढी कमी माहिती आहे. 1859ला स्वतःबद्दल टिपण लिहिलं त्यातही तो म्हणतो की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी संबंध जोडायचा प्रयत्न झाला पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, लेवी, सॉलोमन अशी नावं सारखी आहेत यापलीकडे काही हाती लागलं नाही.

म्हणजे नावं जुळतायत, आणि तरी गडी म्हणतोय सिद्ध झालेलं नाही! साईटवरच्या झाडवाल्यांनी हे फ्रेम करून लावावं.

आणि संबंध खरा होता. पुढे संशोधकांनी तो कागदावरून जोडला. सॅम्युअल लिंकन 1637ला इंग्लंडच्या नॉरफोकमधून हिंगहॅमला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय, त्याचा मुलगा पुन्हा मॉर्डेकाय, तो आधी न्यू जर्सीत आणि मग पेनसिल्व्हेनियात आजच्या बर्क्स काउंटीत गेला, त्याचं 1733चं दगडी घर अजून उभं आहे. तो 1736ला वारला. त्याचा मुलगा जॉन, तो 1768च्या सुमारास व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकवर. जॉनचा मुलगा अब्राहम केंटकीत, त्याचा थॉमस, त्याचा आपला अब्राहम. आता पेनसिल्व्हेनियाचा मॉर्डेकाय आणि व्हर्जिनियाचा जॉन हे बापलेक कशावरून? मॉर्डेकायने मृत्युपत्रात जॉनला न्यू जर्सीतली जमीन ठेवली होती आणि पुढे जॉनने ती विकली तेव्हाच्या खरेदीखतात बापाचा उल्लेख आला. @जुनी_कागदपत्रं म्हणतात तेच, शेताला धरा.

क्वेकर असल्याची घरातली समजूतही तपासता येते. बर्क्समध्ये लिंकनांच्या शेजारी बून घराणं होतं, डॅनियल बूनवाले, ते क्वेकर. लिंकनांच्या एका मुलाने बूनांची मुलगी केली तर क्वेकर सभेच्या दप्तरात त्या मुलीबद्दल नोंद आहे की हिने बाहेरच्याशी लग्न केलं, आणि तिला चूक कबूल करावी लागली. म्हणजे लिंकनवाले त्या सभेचे नव्हते. दुसऱ्याच घराण्याच्या कागदात आपल्या घराण्याचं उत्तर. शेजाऱ्यांचे कागद वाचा असं लोक सांगतात ते याच्यासाठी.

स्पेलिंगचं तर विचारू नका. केंटकीतल्या आजोबांच्या जमिनीच्या कागदांत लिंकहॉर्न असं लिहिलंय. जसं कानावर पडलं तसं लिहिलं.

आजोबा 1786ला मारले गेले तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होता आणि मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याला असा जुना कायदा होता, तो बदलून अंमलात आला जेमतेम 1787ला. त्यामुळे थोरल्या मॉर्डेकायला सगळं मिळालं आणि धाकटा थॉमस मजुरी करत हिंडला. वाटणीपत्र सापडलं नाही म्हणून मुलगा या घरातला नव्हताच असं ठरवू नका, त्या साली तिथे कायदा काय होता ते बघा.

आणि शेवटची गंमत. लिंकनच्या आईबापाचं लग्न झालंच नव्हतं अशी कुजबूज विरोधकांनी उठवलेली, कारण केंटकीतल्या हार्डिन काउंटीत नोंदच मिळेना. ती सापडली शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, 12 जून 1806ची, पण तोपर्यंत लिंकन जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कृष्णाकाठ

भूमापन खात्यात आयुष्य गेलं त्यामुळे जमिनीचा विषय निघाला की राहवत नाही. अमेरिकेचे जुने मोजणीचे कागद मुलाने दाखवले होते, त्यात पर्च, पोल, रॉड अशी मापं दिसतात, तिन्ही एकच, साडेसोळा फूट. चार पोल म्हणजे गुंटरची 66 फुटी साखळी. आपल्याकडे मुंबई इलाख्यात साखळी अर्धी धरली, 33 फूट, सोळा आण्यांची, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. म्हणजे दोन पोल बाय दोन पोल बरोब्बर एक गुंठा. त्यांचा एकर 160 चौरस पर्चचा, आपला 40 गुंठ्यांचा. तेव्हा खतात '112 एकर 36 पर्च' दिसलं तर सूनबाई, 112 एकर 9 गुंठे समजा, इंग्रजी कोष्टक शोधत बसू नका.

पेनसिल्व्हेनियात चतुःसीमा असते. पांढऱ्या ओकपासून उत्तर 40 अंश पूर्व 82 पर्च दगडापर्यंत, तिथून अमक्याच्या बांधाने तमक्या ओढ्यापर्यंत. त्या चतुःसीमेतली शेजाऱ्यांची नावं उतरवून घ्या, बऱ्याचदा सासरा किंवा मेहुणा बांधालाच असतो. कागदावर स्केलने काढून बघा, आकृती बंद झाली नाही तर उतरवताना एखादी बाजू गळलीये. ओहायोत तुमच्या भागात मात्र सरकारी चौकटीची मोजणी, सहा मैल बाय सहा मैलांचं टाउनशिप, त्यात 36 सेक्शन, सेक्शन 640 एकरांचा. तिथे पत्ता आकड्यांतच मिळतो, झाडं-दगड शोधायला नकोत.

जुनी_कागदपत्रं

वा कृष्णाकाठ काका, हे गुंठ्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आता कायम हेच वापरणार.

त्याला जोडून, ओहायोतली सरकारी जमीन पहिल्यांदा घेणाऱ्याला पेटंट, म्हणजे मालकीचा सरकारी कागद मिळायचा, ती सगळी पेटंटं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साईटवर नावाने शोधता येतात, चारही स्पेलिंगांनी शोधा. 1800च्या कायद्याने कमीत कमी 320 एकर, 2 डॉलर एकरी, हप्त्याने. 1804ला 160 एकर केलं. 1820 नंतर उधारी बंद, 80 एकर, सव्वा डॉलर रोख. हे माहीत असलं की माणसाकडे साधारण किती पैसा होता ते कळतं. बऱ्याच पेटंटवर घेणारा आधी कुठला राहणारा तेही लिहितात, अमक्या काउंटीचा, पेनसिल्व्हेनिया. त्या एका ओळीसाठी लोक वर्षानुवर्षं झुरतात.

घरात कुणी स्वातंत्र्ययुद्धात लढलेलं असेल तर 1832च्या कायद्याच्या पेन्शनचा अर्ज शोधा. म्हाताऱ्याला भर कोर्टात शपथेवर सांगावं लागायचं की जन्म कुठे, कुणाच्या हाताखाली लढलो, युद्धानंतर कुठे कुठे राहिलो.

नेकारतीर

जर्मनीतून लिहितेय. ताई, दगडाचा फोटो टाका, बाजूने तिरका उजेड पाडून काढा, खडू-पीठ काही चोळू नका, दगड खराब होतो.

पेनसिल्व्हेनियाचे जर्मन बरेचसे पॅलाटिनेट (जर्मनीतला ऱ्हाइनकाठचा प्रदेश) आणि आसपासच्या भागातले. 1727पासून फिलाडेल्फियाला उतरलेल्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागायची, त्या सह्यांच्या याद्या शिल्लक आहेत आणि छापल्याही आहेत, पण यादीत बायकापोरं साधारण नसतात आणि मूळ गाव तर नसतंच. तेव्हा यादीत आडनाव दिसलं म्हणून लगेच उडी मारू नका.

नावांची मोठी गोची. पोराचा बाप्तिस्मा योहान गेओर्ग नावाने होतो, धाकटा योहान याकोब, त्याच्या खालचा योहान पेटर, घरात हाक मारतात गेओर्ग, याकोब, पेटर. म्हणजे 'जॉन' शोधून काही मिळणार नाही, दुसरं नाव शोधा. जर्मन नोंदीत बाईच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतं, म्युलरची म्युलरिन, ते वेगळं आडनाव नव्हे. आणि अमेरिकेत आडनावाचं कधी नुसतं स्पेलिंग बदलतं, श्नायडरचा स्नायडर, तर कधी अर्थच उचलतात, त्सिमरमानचा कार्पेंटर होतो, मग शोधणाऱ्याची वाट लागते.

सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे चर्चची बाप्तिस्म्याची वही. लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांची मंडळी अनेकदा एकच इमारत आलटून पालटून वापरायची, वह्या मात्र वेगळ्या, दोन्ही बघा. प्रत्येक नोंदीत साक्षीदार म्हणून आत्या, मामा, आजी-आजोबा यांची नावं असतात, कॅथरीनच्या माहेरचं आडनाव तिथे सापडायची शक्यता भरपूर. ट्रंकेत रंगीत पक्षी-फुलं काढलेला बाप्तिस्म्याचा कागद असेल तर नीट बघा, त्याला टाउफशाइन म्हणतात, त्यावर आईचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा असतं. तो पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनांचाच खास प्रकार. मेनोनाइट, आमिश पंथाचे असतील तर प्रश्नच मिटला, ते बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत त्यामुळे अशी वही नाही. अक्षर मोडीसारखं वळणदार आणि भयंकर असतं, पण महिन्याभरात डोळ्याला सवय होते.

रानभूल

सगळे जमिनीचं बोलताय आणि एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. त्या फेअरफिल्डच्या शेताचा 'पहिला' मालक पेटंटवर दिसतो ना, तो पहिला नव्हता. 1795च्या ग्रीनव्हिलच्या तहात शॉनी, डेलावेअर, मायामी आणि इतर जमातींकडून तो सगळा पट्टा काढून घेतला, म्हणून पाच वर्षांनी ती सरकारी जमीन म्हणून विकायला निघाली. मुलासाठी पुस्तक करणार असाल तर तहापासून सुरू करा. आणि दक्षिणेला गेलेल्या 'भावाचा' शोध लागलाच तर 1850 आणि 1860च्या गुलामांच्या याद्याही उघडून बघा, घराण्याचा अभिमान बाळगायचा तर सगळ्याच हिशेबाचा बाळगा.

डीएनएचं कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहिते. 1789च्या मागच्या माणसाचा तुमच्या मुलात अंश उरलाय तो फार थोडा, साध्या टेस्टने काही निघेलच असं नाही, आणि पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनांत आपापसात इतकी लग्नं झालीयेत की सगळेच सगळ्यांचे चुलत निघतात. काढायचीच तर सासऱ्यांच्या पिढीची काढा. आडनावाच्या शाखेसाठी वाय टेस्ट (बापाकडून मुलाला जाणाऱ्या वाय गुणसूत्राची), ती पुरुषाचीच, सासरे किंवा नवरा.

शनवारातला

@रानभूल, तहाचा मुद्दा पटला. लिंकनच्या आजोबांच्या बाबतीतही तेच आहे, ते ज्या जमिनीवर मारले गेले ती कुणाची होती हे गोष्ट सांगताना कुणी विचारत नाही. पण वाय टेस्टवर फार भिस्त नको, ती आडनावाची शाखा सांगते, बाप कोण ते नाही. लिंकनच्या आईकडचा घोळ, नॅन्सी हँक्सची आई नक्की कोण, तो मात्र 2015ला आईकडून उतरणाऱ्या डीएनएनेच बराचसा सुटला, कारण त्यांच्याकडे आधी कागदांवरून ठरवलेले नेमके दोन पर्याय होते आणि दोन्हींकडच्या मुलींच्या मुली शोधता आल्या.

ओहायोची_सून

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. @रानभूल, तहाचं पान पहिलं असेल, नवऱ्यालाही पटलंय.

अपडेट देते. पेटंट सापडलं!! तिसऱ्या स्पेलिंगने. 160 एकर, आणि त्यावर चक्क 'बर्क्स काउंटी, पेनसिल्व्हेनियाचा' असं लिहिलंय, पण घेणारा आमचा 61 वर्षांचा बाबा नाही, त्याच नावाचा थोरला आहे, कारण पेटंटच्या साली आमचा बाबा सतरा-अठराचा असणार. थोरल्याचे वारसा-कोर्टातले कागदही मिळाले, मृत्युपत्र नाहीये, वाटणीच्या अर्जात सात मुलं आहेत, तीन मुली 'अमक्याची बायको' करून. आमचा बाबा त्यात मुलगा म्हणून आहे. म्हणजे इथे सीनियर-ज्युनियर बापलेकच निघाले, पण आता ते कागदावर आहे, सासूबाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या मी काय वेगळं म्हणत होते का!

त्या फाइलमध्ये सामानाच्या लिलावाची यादी आहे ती वाचताना मात्र मी थांबले. एक आंधळी घोडी, दोन नांगर, सायडरची पिंपं, मधमाश्यांची पोळी, एक जर्मन बायबल, आणि पुढे प्रत्येक वस्तू कुणी घेतली आणि कितीला. म्हाताऱ्याच्या विधवेने स्वतःचाच पलंग, सूत कातायचा चरखा आणि एक गाय पैसे मोजून परत घेतलीये. सायडरची पिंपं ज्याने घेतली त्याचं आडनाव मुलींच्या नवऱ्यांत नाही, पण तो प्रत्येक पानावर आहे, पाच-सहा वस्तू घेतल्यात. हा कॅथरीनच्या माहेरचा असेल का?

1850च्या सेन्ससचं शेतीचं वेगळं पत्रकही सापडलं, ते असतं हेच माहीत नव्हतं. आमच्या बाबाकडे 90 एकर लागवडीची, 40 पडीक, 4 घोडे, 5 दुभत्या गायी, 22 डुकरं, मका 700 बुशेल, आणि लोणी 300 पौंड. नवरा म्हणतो लोणी त्याने नाही, कॅथरीनने काढलं असणार.

दगडाचा फोटो काढायला पुढच्या आठवड्यात जातोय, ट्रंकेत टाउफशाइन नाहीये. आता अडचण अशी की बर्क्सच्या जुन्या करयादीत थोरल्याच्या नावाचे परत दोघं आहेत, वेगवेगळ्या टाउनशिपमध्ये. कोणता आमचा?

जुनी_कागदपत्रं

अभिनंदन, महिनोन्महिने लागतात या कामाला, तुम्ही फार पटकन गाठलंत.

पिंपंवाल्याला सोडू नका. त्याचं आडनाव घेऊन बर्क्सच्या त्याच दोन टाउनशिपांत बघा, आणि चर्चच्या वहीत साक्षीदारांतही. मेहुणा असेल, नुसता शेजारी असेल, किंवा सायडर आवडणारा माणूस असेल, पण तो पेनसिल्व्हेनियातही त्यांच्या आगेमागे दिसला तर टाउनशिप कोणतं हे तोच सांगेल.

दोघं सारख्या नावाचे असले की दोघांचेही कागद शेवटपर्यंत न्यायचे, एकाचाच नाही. प्रत्येकाचा वेगळा तक्ता करा, वर्ष, टाउनशिप, एकर, घोडे, गुरं. करयादीत हे सगळं असतं. तुमच्याकडे ओहायोच्या पेटंटचं साल आहे, त्याच्या आसपास बर्क्समधून जो यादीतून नाहीसा होतो आणि जमीन विकल्याचं खत करतो तो तुमचा उमेदवार. दुसरा तिथेच राहून मेला असेल तर त्याचं मृत्युपत्र बर्क्सच्या मुख्य ठाण्यात, रीडिंगच्या कोर्टहाउसमध्ये असेल, ते मिळालं की तो बाद. विकल्याच्या खतात बायकोचं नाव बघायला विसरू नका, ओहायोतल्या लिलावात पलंग विकत घेणाऱ्या बाईचं नाव आणि ते एकच असायला हवं.

खतांच्या सूचीत चारही स्पेलिंगं बघा, पाचवंही सापडेल.